मनमाड जंक्शन आणि औरंगाबादची मीटरगेज वाट

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहराचा रेल्वेइतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात शहरात करता येत नाही. ती तेथून सुमारे ११३ किलोमीटरवर, मराठवाड्याच्या बाहेर, नाशिक जिल्ह्यातील मनमाडला करावी लागते. दोन वेगवेगळ्या राजवटींच्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि दोन वेगवेगळ्या मापांच्या रेल्वेमार्गांची भेट तेथे झाली, आणि विसाव्या शतकाचा बहुतेक काळ औरंगाबादहून मुंबईला निघालेला माणूस असो वा कापसाची गाठ, दोघांनाही तेथे एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढावे लागले. रुळांच्या दोन आतल्या कडांमधील अंतराला गेज म्हणतात. मनमाडवरून मुंबईकडे जाणाऱ्या मार्गाचे हे अंतर १६७६ मिलिमीटर होते, ज्याला ब्रॉडगेज म्हणतात, आणि औरंगाबादकडे जाणाऱ्या मार्गाचे बरोबर एक मीटर, म्हणजे मीटरगेज. या ६७६ मिलिमीटरच्या फरकाने मनमाडला मोठे केले आणि औरंगाबादला मुंबईपासून एक पाऊल दूर ठेवले, असे मराठवाड्यात दीर्घकाळ मानले गेले. त्यातील पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा तपासून पाहण्यासारखा आहे.

मनमाडला रेल्वे आली ती औरंगाबादसाठी नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे लोकांच्या तोंडची जी.आय.पी., या कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली तेव्हापासूनच कंपनीच्या चालकांची नजर सह्याद्रीपलीकडच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखावर होती. कसारा आणि इगतपुरी यांमधील थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीला खुला झाला आणि मुंबई बंदर नाशिक व खानदेशच्या पठाराला अखंड रुळांनी जोडले गेले. पुढे भुसावळहून एक फाटा वऱ्हाडमार्गे नागपूरकडे आणि दुसरा जबलपूरकडे गेला, आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता ही सलग वाट तयार झाली. हा सारा मार्ग निजामाच्या राज्याच्या उत्तर सीमेला समांतर, पण ती न ओलांडता जातो. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला असलेले औरंगाबाद, एकेकाळी मोगल दख्खनच्या कारभाराचे केंद्र राहिलेले हे शहर, या नव्या व्यवस्थेत बाजूला पडले.

त्या काळात औरंगाबादचे रेल्वेस्थानक म्हणून ज्याचा उल्लेख होई ते मनमाड नव्हते, तर त्याच्या पुढे २६ किलोमीटरवर भुसावळच्या दिशेला असलेले नांदगाव होते. वेरूळची लेणी पाहायला येणारे प्रवासी, औरंगाबादच्या छावणीतील गोरे अधिकारी, हिमरू आणि मशरू या कापडांच्या व्यापारातील दलाल हे नांदगावला उतरत आणि पुढची ऐंशी-नव्वद किलोमीटरची वाट टांग्याने किंवा बैलगाडीने काटत. दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ हा आजच्या पर्यटकाचा क्रम त्यामुळे त्या काळी वेगळ्या दिशेने घडे: प्रवासी आधी लेण्यांपाशी पोहोचे आणि मग शहरात. प्रवासमार्गदर्शिकांमध्ये नांदगावचे नाव वेरूळच्या जोडीने छापले जाई. पुढे मनमाडहून औरंगाबादला रूळ पडले आणि नांदगावचे हे महत्त्व पाहता पाहता संपले. जंक्शनच्या इतिहासात वाढणाऱ्या गावाची गोष्ट सगळेच सांगतात, पण प्रत्येक जंक्शनच्या मागे त्याच्यामुळे मागे पडलेले एखादे नांदगाव असते, याची नोंद क्वचित घेतली जाते.

मनमाड प्रथम जंक्शन झाले ते १८७८ मध्ये, आणि तेही दुष्काळाच्या छायेत. जी.आय.पी.चे दोन मुख्य मार्ग, एक थळ घाटातून ईशान्येला जाणारा आणि दुसरा बोर घाटातून पुणे-सोलापूरकडे जाणारा, कल्याणला एकमेकांपासून अलग होत. त्यामुळे सोलापूरकडून खानदेशाकडे जाणाऱ्या मालाला एक घाट उतरून दुसरा घाट चढावा लागे. दोन्ही मार्गांना घाटमाथ्यावरच जोडणारा दुवा म्हणजे दौंड-मनमाड रेल्वे. अहमदनगर, राहुरी, कोपरगाव, येवला या भागातून जाणारा तो सुमारे २३५ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या मार्गाचे मातीकाम दुष्काळी काम म्हणून काढण्यात आले, म्हणजे उपाशी शेतकरी-मजुरांना मजुरी देऊन त्यांच्याकडून बांध घालून घेण्यात आले. हा मार्ग सरकारी खर्चाने झाला आणि नंतर जी.आय.पी.च्या कारभारात सामावला गेला. अनकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याने तो मनमाडला पोहोचतो, आणि पुढे औरंगाबादच्या मार्गालाही त्याच खिंडीचा आधार घ्यावा लागला.

निजामाच्या राज्यात रेल्वे आली ती दक्षिणेकडून. जी.आय.पी.च्या मुंबई-मद्रास मार्गावरील वाडी या ठिकाणाहून सिकंदराबादला जाणारा ब्रॉडगेज फाटा १८७४ मध्ये सुरू झाला. १८८३ मध्ये या रेल्वेचा विस्तार करण्यासाठी लंडनमध्ये भांडवल उभारण्याचा करार झाला आणि निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी अस्तित्वात आली. ‘गॅरंटीड’ या शब्दाचा अर्थ असा की भागधारकांना ठरावीक दराने परतावा मिळेल, याची हमी निजामाच्या खजिन्याने घेतली होती. रेल्वे नफ्यात चालो वा तोट्यात, भागधारकाचे नुकसान होणार नव्हते आणि रयतेच्या पैशाचे होऊ शकत होते. या योजनेविरुद्ध हैदराबादेत सुशिक्षितांनी आवाज उठवला आणि सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना त्यापायी हैदराबाद सोडावे लागले. संस्थानातील सार्वजनिक चळवळीच्या इतिहासात रेल्वेचा प्रश्न इतक्या लवकर येतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण सुमारे नव्वद वर्षांनी मराठवाड्यात तो पुन्हा रस्त्यावर येणार होता.

कंपनीचे पहिले मार्ग पूर्वेला, कोळशाच्या खाणींकडे आणि बेजवाड्याकडे गेले. संस्थानाचा मराठी मुलूख, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा कापूसपट्टा, शतक संपत येईपर्यंत रुळांवाचून राहिला. त्यासाठी आखलेल्या मार्गाचे नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असे होते आणि तो सिकंदराबादहून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद असा येऊन मनमाडला जी.आय.पी.ला मिळणार होता. एकूण लांबी ३९१ मैल. हा मार्ग मीटरगेज करण्याचे ठरले. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, १८७० मध्ये, हिंदुस्थान सरकारने कमी खर्चाच्या मार्गांसाठी हे माप स्वीकारले होते: अरुंद मार्गाला जमीन कमी लागते, वळणे अधिक तीव्र घेता येतात, पूल आणि रूळ हलके चालतात आणि डबे-इंजिनेही स्वस्त पडतात. हिशेब बांधकामापुरता पाहिला तर निर्णय चुकीचा नव्हता. त्याची खरी किंमत बांधकामाच्या अंदाजपत्रकात दिसतच नव्हती; ती पुढे रोज, थोडी थोडी, मनमाडच्या मालधक्क्यावर मोजली जाणार होती.

मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि १९०० मध्ये औरंगाबाद स्थानक सुरू झाले. तोच काळ छप्पन्नाच्या दुष्काळाचा, संवत १९५६ वरून लोकांनी ज्याला ‘छप्पन्या’ म्हटले त्याचा. ज्या मार्गाने कापूस बाहेर जाणार होता त्यावर प्रथम धान्य आत येण्याची गरज पडावी, हा योगायोग विदारक होता. मनमाडहून निघालेला हा मार्ग अनकाईपर्यंत दौंडच्या ब्रॉडगेजच्या सोबतीने जातो, तेथे त्याची साथ सोडतो आणि नगरसूलवरून रोटेगाव, लासूर, पोटूल, दौलताबाद असे करत औरंगाबादला येतो. रोटेगाव हे वैजापूरचे स्थानक. गाव आणि स्थानक यांच्यात अंतर ठेवणारी जी अनेक ठिकाणे या मार्गावर आहेत, त्यांपैकी ते एक. येवला तालुक्यातील नगरसूलपर्यंतची भूमी ब्रिटिश मुलखाची होती. म्हणजे निजामाच्या रेल्वेचे पश्चिमेकडील टोक निजामाच्या हद्दीत नव्हतेच; मनमाडला तिचे डबे आणि इंजिने दुसऱ्याच्या अंगणात उभी राहत.

गेज बदलणाऱ्या स्थानकावर प्रत्यक्षात काय चालत असे, ते थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण मनमाडचा इतिहास मुख्यतः या कामाचा इतिहास आहे. रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात. एका बाजूला ब्रॉडगेजच्या आणि दुसऱ्या बाजूला मीटरगेजच्या वाघिणी उभ्या करून मधल्या धक्क्यावरून माल हाताने, पाठीवरून किंवा ढकलगाडीवरून पलीकडे नेला जाई. या क्रियेला रेल्वेच्या भाषेत ट्रान्सशिपमेंट असे नाव होते. वरवर सोप्या दिसणाऱ्या या कामात अडचणी पुष्कळ. दोन्ही मापांच्या वाघिणींची क्षमता सारखी नसे, त्यामुळे एका वाघिणीतला माल दुसऱ्या एकीत नेमका बसत नसे. उरलेल्या पोत्यांसाठी वेगळी वाघीण लावावी लागे, आणि एकाच बिल्टीवरचा, म्हणजे एकाच रेल्वे पावतीवरचा माल दोन वेगळ्या दिवशी मुक्कामाला पोहोचे. मालाला पाय फुटत, पोती फाटत, पावसाळ्यात भिजत. त्याहून मोठी अडचण म्हणजे दोन्ही बाजूंना रिकाम्या वाघिणी एकाच वेळी मिळण्याची. कापसाच्या हंगामात मराठवाड्यातून भरलेल्या मीटरगेज वाघिणी एकापाठोपाठ येत आणि ब्रॉडगेजच्या वाघिणी त्या वेळी वऱ्हाड-खानदेशच्या कापसात गुंतलेल्या असत. मग भरलेली मीटरगेज वाघीण यार्डात अडून राही आणि तिच्या अभावी मागे जालना, परभणीच्या स्थानकांवर गाठींच्या थप्प्या चढत. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सिकंदराबादला, वाडीकडून येणारा ब्रॉडगेज भेटे आणि तेथेही हीच उठाठेव होती. गोदावरी खोऱ्याचा हा मार्ग दोन्ही तोंडांशी गळा आवळलेल्या पिशवीसारखा होता.

मापाच्या या अडथळ्यावर राज्याच्या सीमेचा अडथळा चढलेला होता. हैदराबाद संस्थान आपल्या हद्दीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेई. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. मुंबईहून आलेले कापड किंवा यंत्राचे सुटे भाग मनमाडला एकदा उतरून चढल्यावर पुढे संस्थानात करोडगिरीच्या माणसांपुढे पुन्हा उघडावे लागत. नाणेही वेगळे होते. ब्रिटिश हद्दीत कलदार रुपया, निजामाच्या हद्दीत हाली सिक्का, आणि दोघांच्या विनिमयाचा दर समान नव्हता, त्यामुळे व्यापाऱ्याच्या हिशेबात बट्ट्याचा, म्हणजे नाणे बदलण्यातील घटीचा, एक रकाना कायम राही. टपालाची तिकिटेसुद्धा संस्थानाची स्वतःची असत. आजच्या वाचकाला मनमाड ते औरंगाबाद हा प्रवास एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात गेल्यासारखा वाटतो; १९४८ पूर्वी तो सर्व व्यावहारिक अर्थांनी एका देशातून दुसऱ्या देशात जाण्यासारखा होता, आणि फलाट बदलणे हा त्या स्थित्यंतराचा केवळ दिसणारा भाग होता.

इतके असूनही रेल्वेने मराठवाड्याचे अर्थकारण बदलले, हे मान्य करावे लागते. औरंगाबादची कापड गिरणी रेल्वेच्या आधीची, १८८९ ची, आणि तिच्यात सुमारे सातशे कामगार होते. परंतु कापसावर प्रक्रिया करणारे कारखाने आले ते मार्ग सुरू झाल्यानंतरच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील नोंदीनुसार एकट्या जालन्यात ९ जिनिंग कारखाने, म्हणजे सरकी वेगळी काढणारे, आणि ५ प्रेस, म्हणजे रुईच्या दाबून गाठी बांधणारे, उभे राहिले होते. याचे कारण मनमाडलाच सापडते. सैल कापूस हाताने एका वाघिणीतून दुसरीत टाकणे खर्चाचे आणि नुकसानीचे. घट्ट दाबलेली, पट्ट्या आवळलेली गाठ मात्र मोजता येते, रचता येते आणि हमालाला उचलता येते. जालना या व्यवस्थेत भरभराटीला आले आणि राजकीय मान औरंगाबादचा असला तरी व्यापारी तराजू जालन्याकडे झुकला.

प्रवाशांची कथा मालाहून वेगळी, कारण प्रवासी स्वतःच्या पायांनी फलाट बदलतो. त्याचा त्रास वेळापत्रकाचा होता. मुंबईकडची गाडी उशिरा आली तर मीटरगेजची गाडी तिच्यासाठी किती थांबवायची, हा प्रश्न दोन वेगळ्या रेल्वेंच्या अधिकाऱ्यांमध्ये रोजचा होता, आणि त्याचे उत्तर कुठल्या बाजूने लागले तरी कोणाचा तरी मुक्काम मनमाडच्या फलाटावर पडे. या मुक्कामांवर गावाचे एक अर्थकारण उभे राहिले: धर्मशाळा, खानावळी, चहाची हॉटेले, हमालांचे अड्डे. त्यातून उभी राहिलेली सर्वांत ठळक वास्तू म्हणजे मनमाडचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा. गुरु गोविंदसिंगांचे समाधिस्थान असलेल्या नांदेडच्या हजूर साहिबला पंजाबातून येणारे शीख यात्रेकरू मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीची वाट पाहत, आणि त्यांच्या निवाऱ्याची व लंगरची सोय या गुरुद्वाऱ्यात होई. औरंगाबादच्या दिशेने दुसरा प्रवाह पर्यटकांचा होता. नांदगावचा जुना टांगा मागे पडून दौलताबाद आणि औरंगाबाद ही वेरूळची स्थानके झाली, आणि १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेऊन ती स्वतःकडे घेतल्यानंतर वेरूळ-अजिंठ्याची जाहिरात हा तिच्या धोरणाचाच भाग झाला. १९३२ पासून रेल्वेने बसगाड्याही चालवायला घेतल्या. आपल्याच प्रदेशातील रस्त्यांवर रेल्वेनेच मोटारी चालवाव्यात, ही कल्पना त्या काळाच्या मानाने दूरदर्शी होती.

मनमाडचे मूळ गाव या काळात रेल्वेच्या वसाहतीने वेढले गेले. जी.आय.पी.ने १९०६ मध्ये तेथे इंजिनिअरिंग कारखाना काढला. पुलांसाठी लागणारे पोलादी गर्डर बनवणे हे त्याचे मुख्य काम राहिले. कारखाना, लोको शेड, यार्ड, मालधक्का यांमुळे नाशिक, नगर, खानदेश आणि निजामाच्या हद्दीतील गावांमधून मजूर येथे आले, आणि त्यांत दलितांची संख्या मोठी होती. कामाची वाटणी मात्र जातीच्या उतरंडीने होत असे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ या दिवशी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतील आहे, आणि त्याला रेल्वेतील प्रत्यक्ष परिस्थितीचा आधार होता: दलित कामगार गँगमन म्हणून, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत, लागतो आणि तसाच निवृत्त होतो, त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो, कारखान्यातील कसबी कामांचे दरवाजेही त्याला बंद असतात. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासातील एवढे महत्त्वाचे भाषण मुंबईच्या गिरणगावात न होता एका जंक्शनवर झाले, याचा फारसा विचार झालेला नाही. मनमाडला कामगार एकवटलेला होता, भुसावळ, दौंड, इगतपुरीहून सभेला येणे सोपे होते आणि जातीची विभागणी कामाच्या पदनामांत उघडपणे वाचता येत होती.

दहा वर्षांनी याच स्थानकाला वेगळी भूमिका मिळाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या सरहद्दीलगत भारतीय हद्दीत जी शिबिरे उघडली, त्यांत मनमाडचे शिबिर महत्त्वाचे होते. ब्रिटिश गेले होते, पण मनमाड भारतात आणि वैजापूर निजामाकडे अशी स्थिती होती; मराठवाड्यातून निसटून आलेले कार्यकर्ते आणि निर्वासित ज्या गाडीने येत ती अजून निजामाची होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी.आय.पी. आणि निजाम स्टेट रेल्वे या दोन्ही एकाच मध्य रेल्वेत सामील झाल्या. मनमाडचे दोन्ही फलाट प्रथमच एका मालकाचे झाले, पण ही एकी जेमतेम पंधरा वर्षे टिकली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण-मध्य रेल्वे स्थापन झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबादला आले आणि जुन्या गोदावरी व्हॅली मार्गाची सूत्रे पुन्हा तिकडे गेली. आजही मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आणि औरंगाबाद दक्षिण-मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. निजाम आणि इंग्रज यांच्या सीमेचा एवढा स्पष्ट ठसा महाराष्ट्राच्या प्रशासनात दुसरीकडे क्वचितच उरला असेल. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडावा ही मराठवाड्यातील जुनी मागणी त्या ठशाविरुद्धच आहे.

रुंदीकरणाची, म्हणजे मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकण्याची मागणी स्वातंत्र्यानंतर तीव्र होत गेली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात ती अग्रभागी होती आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून तिचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. रेल्वेच्या बाजूनेही एक युक्तिवाद होता, तो विसरून चालणार नाही. पूर्णेहून हिंगोलीला गेलेला फाटा १९६० च्या सुमारास अकोल्यामार्गे खांडव्याला जोडला गेल्यावर मीटरगेजचे हे जाळे एकाकी राहिले नव्हते; काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस त्याच मापावर सलग धावे. म्हणून एकच तुकडा रुंद केला तर तुटीचे ठिकाण मनमाडहून उचलून दुसरीकडे जाईल, ती संपणार नाही, ही शंका तांत्रिक दृष्ट्या निराधार नव्हती. मराठवाड्याच्या लोकांना हा तर्क पटला नाही, कारण त्यांचा व्यापार जयपूरशी नव्हता, मुंबईशी होता.

तरीही मागासलेपणाचा सर्व दोष मीटरगेजवर टाकणे अतिशयोक्तीचे ठरेल. औरंगाबादचे उद्योगनगरीत झालेले रूपांतर मीटरगेजच्या काळातच झाले. रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहत, चिकलठाणा आणि वाळूज या वसाहती क्रमाने वाढल्या. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा शहराच्या स्थानकावर मीटरगेजच होते. हे उद्योग ट्रकांवर उभे राहिले. शहरातील प्रवाशानेही आपल्यापुरता मार्ग काढला होता: १९७५ मध्ये मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाल्यावर अनेक जण एस.टी.ने मनमाड गाठून पंचवटी पकडत. छोट्या गाडीच्या बाजूने अजिंठा एक्सप्रेस काचीगुडा आणि मनमाड यांच्यात धावत होती. मीटरगेजने जे रोखले ते कारखाने नव्हते. अवजड आणि स्वस्त मालाची, सिमेंट, खत, कोळसा, धान्य यांची घाऊक वाहतूक त्याने महाग केली, आणि त्याची झळ औरंगाबादपेक्षा परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतकऱ्याला अधिक बसली. त्यामुळे आंदोलनाचे केंद्र औरंगाबादहून पूर्वेला असणे स्वाभाविक होते.

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मनमाडकडून रुंदीकरण पुढे सरकत औरंगाबाद, जालना, परभणी या क्रमाने गेले, आणि सिकंदराबादपर्यंतचा उरलेला मार्ग नव्या शतकाच्या प्रारंभी रुंद झाला. तपोवन आणि देवगिरी एक्सप्रेस मुंबईहून थेट मराठवाड्यात येऊ लागल्या, अमृतसरहून निघालेली सचखंड एक्सप्रेस थेट नांदेडला पोहोचू लागली, आणि गुप्तसर साहिबला उतरणे ही यात्रेकरूची गरज न राहता इच्छा झाली. मनमाडचा ट्रान्सशिपमेंटचा धक्का निकामी झाला, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या हमालांचे काम गेले. विकासाच्या जमाखर्चात ही बाजू कोणी मांडली नाही. गाव मात्र ओसरले नाही. भारतीय अन्न महामंडळाची विस्तीर्ण गोदामे, गर्डरचा कारखाना आणि जवळच पानेवाडीला आलेले इंधन कंपन्यांचे साठे यांनी जुन्या धक्क्याची जागा घेतली: मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून वाहिनीने आलेले पेट्रोल-डिझेल पानेवाडीहून टँकरने आणि वाघिणींनी पुढे जाते.

गाडी बदलण्याची प्रथा या मार्गावरून पूर्णपणे नाहीशी झाली असे मात्र नाही. ती थोडी पूर्वेला सरकली. शिर्डीला येणाऱ्या भाविकांसाठी आंध्र, तेलंगण आणि तामिळनाडूतून सुटणाऱ्या काही गाड्यांचा शेवटचा थांबा मनमाड नसून नगरसूल हा आहे. येवला तालुक्यातील या खेड्याच्या स्थानकावर दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या येऊन उभ्या राहतात आणि प्रवासी तेथून जीप किंवा बसने शिर्डीला जातात. पुणतांब्याहून काढलेल्या फाट्यावर २००९ मध्ये साईनगर शिर्डी हे स्थानक झाले, तरी नगरसूलची ही वर्दळ चालू राहिली. दक्षिण-मध्य रेल्वेच्या ताब्यातील मार्गाचे पश्चिमेकडील टोक अनकाईपाशी, म्हणजे नगरसूलच्या थोडेच पुढे, येते. मनमाडला आत यायचे तर मध्य रेल्वेच्या आधीच भरलेल्या फलाटांवर जागा मागावी लागते. औरंगाबाद ते अनकाई या मार्गाच्या दुहेरीकरणाची योजना हाती घेतली गेली तीही मनमाडपर्यंत नसून अनकाईपर्यंत मोजली जाते, आणि २०२५ मध्ये ज्या स्थानकाच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर हे नाव आले, तेथून मुंबईकडे निघालेल्या गाडीचा कारभार आजही अनकाईच्या आसपासच एका रेल्वेकडून दुसरीकडे सोपवला जातो.